गाडीखाली जाण्याआधी

(सावदा येथे परिसरातील महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या भावांनो,

पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय वाचून सकाळपासून तिघीजणींनी मला विचारलं, "ताई, छपाईत चूक झाली का?" चूक झालेली नाही. जीपचे मागचे पाटे उतरवताना आणि चढवताना जीव कसा सांभाळायचा, हाच आजचा विषय आहे. हुंडा, पोटगी, दारू, मजुरी यांवर आपण या मांडवात अनेकदा बोललो आहोत आणि पुन्हा बोलणार आहोत. आज मात्र मला गाडीखाली काय घडतं त्याबद्दल बोलायचं आहे. आधी एक कबुली देते, मग कामाकडे वळते.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या भागात आले, त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या कामाची एक जुनी जीप आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचं तर तिच्याशिवाय गत नाही. श्रावणातली गोष्ट आहे. पालहून बैठक आटोपून आम्ही नऊ बायका खिरोद्याच्या रस्त्याने परत येत होतो. एका खड्ड्यात मागून खाडकन आवाज झाला आणि जीप डाव्या बाजूला बसली. डावीकडचा मुख्य पाटा तुटला होता. कशीबशी गाडी सावद्यात आणली आणि बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या एका गॅरेजपुढे उभी केली. त्या गॅरेजचं नाव इथे घेत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एकट्या त्या गॅरेजचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला जळगावला कलेक्टर कचेरीत पोचायचं होतं. मी मिस्तरींना म्हटलं, "काही करा, पण आजच झालं पाहिजे." मिस्तरी दुसऱ्या गाडीत गुंतले होते. त्यांनी हेल्पर मुलाला पाठवलं. सोळा वर्षांचा मुलगा. गाडी शेडबाहेर, पावसाने भिजलेल्या काळ्या मातीवर उभी. जॅकखाली एक वीट ठेवलेली. दुसरा आधार काहीच नाही. तासाभरात त्याने तुटका पाटा काढून नवा लावत आणला. पुढचं टोक बसलं, मागचं बसेना. पाट्याचं भोक आणि शॅकलचं भोक जुळत नव्हतं. किती सरकायला हवं ते बघायला त्याने भोकात बोट घातलं. आणि जॅक खचला. फार नाही, थोडासाच. पण त्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

त्याची आई आपल्याच एका मंडळातली. केळीच्या घडांची वाहतूक होते तिथे ती रोजाने जाते. दवाखान्याच्या ओट्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही तिथंच उभ्या होत्या ना?"

मी म्हणाले, "हो, पण मला गाडीतलं काय कळतं?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि रात्रभर मला झोप लागली नाही. "बायकांना त्यातलं काय कळतं" हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकलं. जमिनीच्या उताऱ्याबद्दल ऐकलं, बँकेच्या कागदाबद्दल ऐकलं, ग्रामपंचायतीच्या ठरावाबद्दल ऐकलं. त्याच्याविरुद्ध आपण भांडलो. आणि अडचणीच्या वेळी मी त्याच वाक्याच्या आड लपले. जीप आमची, घाई माझी, पैसे देणारी मी. "थांब, आधार लाव, मगच खाली जा" एवढे शब्द बोलायला पदवी लागत नव्हती. ते माहीत असायला हवे होते, आणि ते बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं वाटायला हवं होतं. माझ्याजवळ दोन्ही नव्हतं.

पुढे भरपाईचं बघितलं. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कोणत्या बोटाचं किती पेर गेलं तर किती टक्के कमाई गेली असं धरायचं, ते त्यात लिहिलेलं असे. तो तक्ता घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. तर मुलाचं नाव कुठल्याच वहीत नाही, हजेरी नाही, पगाराची नोंद नाही. "तो कामाला नव्हता, शिकायला येत होता," असं उत्तर मिळालं. शेतात राबणाऱ्या बाईबद्दलही हेच म्हणतात ना, "ती कामाला नाही, घरचीच आहे." चार बैठका झाल्या, तेव्हा कुठे लेखी तडजोड झाली. मुलांच्या मजुरीबद्दल १९८६ साली झालेल्या कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत पुढे मोटार दुरुस्तीही घातली गेली होती. पण कायद्याचं पुस्तक शेडमध्ये पोचत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, आपणच शेडमध्ये पोचायचं.

गावातल्या एका वयस्क मिस्तरींनी संध्याकाळी शिकवायचं कबूल केलं. आम्ही सातजणी होतो. त्यात दोघी बचत गटाच्या पिकअपचं काम बघणाऱ्या, एक जीप चालवणारी, बाकीच्या कार्यकर्त्या. पहिल्या दिवशी बघ्यांची गर्दी झाली. आठव्या दिवशी कुणी नव्हतं. लोक कंटाळतात, हे आपल्या फायद्याचं असतं! आता जे शिकलो ते सांगते. वही-पेन असेल त्यांनी लिहून घ्या.

पाटा म्हणजे काय ते आधी बघू. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून जी कमान होते, ती. सगळ्यांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्यांना डोळे म्हणतात. पुढचा डोळा चॅसीला पक्का जोडलेला. मागचा डोळा शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या कडीला. असं का? ओझं आलं की कमान सपाट होते आणि सपाट झाली की लांब होते. त्या वाढलेल्या लांबीला सरकायला जागा हवी, म्हणून एक टोक झुलतं ठेवलेलं. मधोमध एक सेंटर बोल्ट सगळ्या पट्ट्या एकत्र धरतो, आणि दोन यू-बोल्ट पाट्याला एक्सलशी जखडतात. १९४७ साली मुंबईत महिंद्रने विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या जीपला पुढेमागे चारही पाटेच होते. आजच्या बोलेरोला आणि आपल्या केळीच्या पिकअपला मागे पाटेच आहेत. ओझं वाहायला ते दणकट आणि दुरुस्तीला सोपे. पण कमान दाबलेली असते तेव्हा तिच्यात जोर साठलेला असतो, हे विसरायचं नाही. तो जोर मोकळा झाला की समोर हात आहे की डोकं, हे तो बघत नाही.

आता काम. पहिली गोष्ट जागा. जमीन सपाट आणि कठीण हवी. आपल्या काळ्या मातीवर पावसाळ्यात जॅक लावायचाच नाही. लावावाच लागला, तर खाली जाड, रुंद फळी हवी. वीट नको, वीट फुटते.

दुसरी गोष्ट, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड. इथे बहुतेकजण चुकतात. म्हणतात, "हातब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, आणखी काय हवं?" नीट विचार करा. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची चाकं हवेत गेली की तो ब्रेक कुणाला धरणार? गिअरचंही तसंच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर मागची चाकंच अडवतो. काही जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांना नसून मागे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टला असतो. अशा गाडीचं एकच चाक उचललं, तर उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. ब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते. म्हणून पुढच्या चाकांना अडवल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. गाडी वर उचलल्यावर पान्यावर जोर लावला की गाडी हलते.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. तेलाचा जॅक आतल्या तेलावर उभा असतो. वायसर झिजला की तो हळूहळू बसतो, आवाजसुद्धा करत नाही. म्हणून गाडी उचलली की चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांखाली, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या पुढे, दोन लोखंडी घोड्या लावायच्या. घोडी म्हणजे उंची कमीजास्त करता येणारं आणि खीळ घालून पक्कं होणारं स्टँड. मग जॅक सावकाश खाली घ्यायचा, गाडीचं वजन घोड्यांवर येईपर्यंत. विटांचा ढीग, दगडांची चवड, रिकामा डबा यांना घोडी म्हणायचं नाही. यानंतर बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवायचं. पडायचीच असेल तर आपण बाहेर असताना पडू दे. काढलेली चाकं बाजूला टाकायची नाहीत. आडवी करून चॅसीखाली सरकवायची. घोडी दगा देईल तेव्हा गाडी चाकावर अडेल आणि खाली माणसापुरती जागा उरेल. रिकामी जीपसुद्धा हजार किलोच्या पुढे असते.

पाचवी गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले. पाटा काढताना ओझी दोन असतात. एक वरच्या गाडीचं, ते घोड्यांवर. दुसरं खालच्या एक्सलचं, ते जॅकवर. जॅक एक्सलखाली तसाच ठेवायचा आणि इतकाच वरखाली करायचा, की कमान दाबलेलीही नको आणि एक्सल तिला लोंबकळणाराही नको. या मधल्या जागी पाटा शांत असतो. मग शॉकअपचं खालचं टोक सोडवायचं. ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतोय का ते बघायचं; एक्सल त्या नळीवर लोंबकळला तर नळी आतून फाटते आणि ते बाहेरून दिसत नाही.

त्यानंतर यू-बोल्टचे नट. ते गंजलेले असतात. तारेच्या ब्रशने घासून आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावं. गॅसची ज्योत लावून तापवायची नाही. जवळ डिझेलची टाकी आणि ब्रेकची नळी असते, आणि तापलेल्या पाट्याचं पाणी उतरतं, तो कमकुवत होतो. एका वेळी एकच बाजू काढायची, दुसऱ्या बाजूचा पाटा एक्सलला जागेवर धरतो. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण खाली झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत वरचा गंज पडतो.

पट्ट्या सुट्या करायच्या असतील, तर सेंटर बोल्ट उघडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना शिकंजा आवळायचा आणि बोल्ट काढल्यावर शिकंजे सावकाश ढिले करायचे. नाहीतर आवळलेल्या पट्ट्या एकदम उसळतात. त्या वेळी तोंड त्यांच्यावर आणायचं नाही.

आणि भोकं जुळवणं. मैत्रिणींनो, भोकात बोट कधीही घालायचं नाही. निमुळती लोखंडी सळी घालायची आणि जॅक अगदी थोडा वरखाली करत डोळा जागेवर आणायचा. सळी वाकली तर बाजारात दुसरी मिळते. एवढं एक वाक्य त्या संध्याकाळी मला माहीत असतं, तर आज मी इथे उभी राहून हे सांगत नसते.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर एक्सल तिरका बसतो. यू-बोल्ट नवे घालायचे. जुने एकदा ताणले गेलेले असतात. नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. रबरी बूश असतील तर डोळ्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरल्यावरच. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे. एका बाजूचा पाटा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते.

एक पोटविषय. "एक पाटा वाढवून द्या, म्हणजे आणखी माणसं बसतील," असं गाडीवाले सांगतात. पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही, एक्सल वाढत नाही, टायर वाढत नाही. आमच्या जीपमध्ये त्या दिवशी नऊ बायका होतो, हेही मी कबूल करते. पाटा खड्ड्याने मोडला, तितकाच आमच्या दाटीवाटीनेही मोडला.

आता बांगड्यांचं. शिकताना पहिलं भांडण यावरूनच झालं. मिस्तरी म्हणाले, हातात काही ठेवायचं नाही, गळ्यात काही लोंबायचं नाही. बरोबरच होतं ते. पुरुषांच्या गळ्यातला रुमालही त्यांनी काढायला लावला. पण आपल्याकडे भरल्या हाताच्या बाईने बांगड्या उतरवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. एकीच्या सासूने घर डोक्यावर घेतलं. आम्ही पुष्कळ बोललो. कुणी म्हणालं, हे बंधन मोडायचीच ही वेळ आहे. कुणी म्हणालं, एका दिवसात दोन लढाया नकोत. शेवटी त्या मुलाची आई, तीही आमच्याबरोबर येऊन बसत असे, ती म्हणाली, "हात राह्यला त बांगड्या भरता येतीन." त्यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांना पटलं त्यांनी उतरवल्या. ज्यांना नाही पटलं त्या बाहेर उभ्या राहून जॅकवर लक्ष ठेवू लागल्या. तेही कामच आहे. गाडीखाली कुणी असताना बाहेर एक माणूस हवंच.

कुणी विचारेल, हे बायकांचं काम आहे का? १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ सैन्याच्या महिला दलात गाड्या चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली. ती पुढे राणी झाली तरी शिकलेलं वाया गेलं नाही. आपल्याकडे १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं आणि पुण्याच्या कारखान्यात ती इंजिनिअर म्हणून रुजू झाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झालेल्या त्याच.

कायद्याने तरी काय केलं होतं? १९४८च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमात, चालू यंत्राचे काही भाग साफ करायला, त्यांना तेल द्यायला स्त्रियांना मनाई होती. हेतू संरक्षणाचा. पण फिरत्या चाकात साडी अडकते तशी लुंगीही अडकते. धोका बाईला असेल तर तो पुरुषालाही आहे, आणि सोळा वर्षांच्या पोराला तर नक्कीच आहे. अशा वेळी यंत्र थांबवा, आधार लावा, असं म्हणायच्या ऐवजी बाईला बाहेर काढा, असं म्हटलं गेलं. बाई बाहेर गेली, धोका आतच राहिला. आपली मागणी वेगळी आहे. आम्हाला बाहेर काढू नका, धोका बाहेर काढा.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे आणि तो जीपच्या आत रंगाने लिहून ठेवला आहे: खाली जाणाऱ्याचा शब्द शेवटचा. जो किंवा जी गाडीखाली जाणार, त्याने "अजून नाही" म्हटलं की मालक असो, ड्रायव्हर असो, घाईत असलेली कार्यकर्ती असो, सगळ्यांनी थांबायचं. खाली जाणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. आपण गॅरेजमध्ये गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हाही हाच नियम. पैसे देण्याआधी विचारायचं, घोड्या कुठे आहेत? नसतील तर गाडी परत न्यायची. एक गिऱ्हाईक गेलं तर मालक हसेल. गटांच्या चार गाड्या गेल्या तर तो घोड्या विकत आणेल. असं दोन ठिकाणी झालं आहे, मी स्वतः पाहिलं आहे.

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. ते गॅरेज त्याने सोडलं. आम्हाला शिकवलं त्याच मिस्तरींकडे तो काम करतो, आणि त्याचं नाव वहीत आहे. गेल्या महिन्यात आमच्या जीपचे बूश बदलायला तोच आला होता. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अजून नाही." मग उठून चारही ठोकळे पुन्हा तपासले. मी घड्याळ काढून पिशवीत ठेवलं.

जेवणानंतर बाहेर झाडाखाली आपली जीप उभी आहे. घोड्या आणल्या आहेत, ठोकळे आहेत. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी यावं. आधी सगळ्यांनी गाडी हलवून बघायची, मगच एकेकीने खाली जायचं.